रामटेकच्या धुऱ्यावरचा बिनजाळ्याचा राखणदार

रामटेक म्हटले, की डोळ्यांसमोर गड उभा राहतो. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला आणि चैत्रात रामनवमीला विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून माणसे या गडावर लोटतात. नागपूरहून जबलपूरच्या मोठ्या सडकेला लागावे, कामठी आणि कन्हान मागे टाकावे, मनसरला उजवीकडे वळावे, की थोड्याच वेळात गडाचा माथा दिसू लागतो. नागपूरपासून हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर आहे. रेल्वेचा एक फाटाही थेट रामटेकपर्यंत आला आहे.

गडावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. दगडी वराहाच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघणारे यात्रेकरू आहेत, हातातला प्रसाद हिसकावणारी वानरे आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह यांची वाकाटकांच्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची मंदिरे आहेत. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ताम्रपटात रामगिरीचे नाव येते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्या काव्यातला यक्ष ढगाला वाट सांगताना नुकत्याच नांगरलेल्या शेताच्या मातीचा वास सांगायला विसरत नाही. शेतकऱ्याला ही खूण लगेच पटावी.

गडाच्या माथ्यावरून खाली पाहिले, की एका अंगाला अंबाळा तलाव आणि त्याच्या काठची देवळे दिसतात. जरा दूर इंग्रजी अमदानीत बांधलेल्या खिंडसी तलावाचे पाणी चमकते. त्यापलीकडे पेंचकडच्या जंगलाच्या टेकड्या आहेत. पानमळ्यांसाठी रामटेकचे नाव पूर्वीपासून आहे. आणि सपाटीला नजर जाईल तिथपर्यंत धानाच्या बांध्या. हलका धान कापून झालेला, भारी धान अजून उभा, मधूनमधून धुऱ्यांवरच्या तुरीच्या हिरव्या रेघा.

यात्रेकरू गड चढतो तेव्हा त्याची नजर कळसाकडे असते, आणि ते योग्यच आहे. पण वाचकहो, आज आम्ही तुम्हांला गडावर नेणार नाही. गडाच्या पायथ्याला, धानाच्या बांधीत, ओल्या मातीवर एक लहानसा जीव राहतो. तो देवळाइतका जुना तर आहेच, किंबहुना कितीतरी जुना आहे. आपल्या पिकाची राखण तो फुकट करतो. तरी त्याचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तो आहे जमिनीवर राहणारा, जाळे न विणणारा कोळी.

धुऱ्यावरचे बिऱ्हाड

सकाळी दव असताना बांधीच्या धुऱ्यावरून चालून पाहावे. पावलाच्या पुढे काहीतरी तुरुतुरु पळते आणि लगेच थांबते. थांबले की दिसत नाही, कारण त्याचा रंग मातीचाच असतो. ओणवे होऊन नीट पाहिले, तर करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराहूनही लहान कोळी दिसतो. पाठीवर फिकट पट्टा, पोटावर पांढरट ठिपके. त्याला हुसकले तर तो सरळ बांधीतल्या पाण्यात उतरतो. पण बुडत मात्र नाही. अंगावरच्या बारीक लवेमुळे त्याचे पाय भिजत नाहीत आणि तो पाण्यावरून, जमिनीवरून पळावे तसा पळून जातो.

रामटेकच्या शिवारातल्या अशाच एका धुऱ्यावर एक आजी तुरीच्या शेंगा चाचपत होत्या. आम्ही खाली वाकून काय पाहतो आहोत, याचे त्यांना मोठे नवल वाटले.

“कोळी पाहाले आले का जी तुमी? मंग गडावर काहून नाही गेले?” त्या हसत म्हणाल्या. “हे कोळीण मले रोजच दिसते. मांगं पांढरा मोती बांधून फिरते. मले वाटे, कुठून चोरून आणला का काय इनं!”

आजींचे निरीक्षण पक्के होते. त्या कोळिणीच्या पोटाच्या टोकाला खरोखरच मोत्यासारखी पांढरट गोल थैली चिकटलेली होती. तो चोरीचा माल नव्हे. ती तिच्या अंड्यांची थैली.

शेजारच्या बांधीत आजींची सून होती. ती म्हणाली, “आत्याबाई, या बांधीत एवढे कोळी दिसते, पण त्या खालच्या बांधीत एकबी नाही. तिथं दोनदा फवारा मारला न.”

आम्ही खालच्या बांधीत उतरलो. चुडे बाजूला सारून बुडाशी पाहिले, तर पाण्यालगतच्या देठांवर तपकिरी तुडतुडे होतेच. कोळी मात्र दिसत नव्हते. सून सहज बोलून गेली, पण सगळ्या लेखाचे सार त्या एका वाक्यात आहे. ते नीट समजण्यासाठी आधी या कोळ्याची ओळख करून घेतली पाहिजे.

कोळी म्हणजे किडा नव्हे

आपण सरसकट सगळ्यांना किडे म्हणतो. पण किड्याला पाय सहा, कोळ्याला आठ. किड्याच्या अंगाचे भाग तीन, कोळ्याचे दोनच. किड्याला मिशा असतात, बहुतेकांना पंखही असतात, कोळ्याला यांतले काहीच नसते. कोळ्याचे सोयरे कोण? विंचू, गोचीड, आणि मृग लागला की ओल्या जमिनीवर निघणारा तो लाल मखमली किडा. त्याला आपण ‘मृगाचा किडा’ म्हणतो खरे, पण त्याचे पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे तो कोळ्याचाच भाऊबंद.

जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या देशातल्या कोळ्यांचा अभ्यास भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेने बराच पुढे नेला. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे एक केंद्र पुण्याला आहे. तेथे काम केलेले आणि पुढे संस्थेचे संचालक झालेले डॉ. बी. के. टिकादर यांनी कोळ्यांवर आयुष्य खर्ची घातले. जमिनीवर धावणाऱ्या कोळ्यांच्या कुळावर त्यांनी मल्होत्रा यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९८० साली निघाला. भारतातल्या कोळ्यांची ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक १९८७ सालचे आहे.

जमिनीवरच्या कोळ्यांच्या तीन तऱ्हा

कोळी म्हटला, की घराच्या आढ्याला लटकलेले जाळे आठवते. पण जमिनीवर राहणाऱ्या कोळ्यांचे संसार निराळे असतात. त्यांच्या ढोबळ तीन तऱ्हा सांगता येतील.

पहिली तऱ्हा बिळात राहणाऱ्यांची. दरडीत, झाडाच्या बुडाशी किंवा कठीण मातीत तो भोक पाडतो आणि आतून रेशमाचे अस्तर लावतो. काही जाती तर बिळाच्या तोंडाला माती आणि रेशीम यांचे झाकण बसवतात आणि त्याच्या आड दबा धरून बसतात. हे कोळी फार दीर्घायुषी असतात. ऑस्ट्रेलियात एका शास्त्रज्ञ बाईंनी १९७४ पासून अशा एका कोळिणीवर नजर ठेवली होती. ती २०१६ साली मेली, तेव्हा तिचे वय ४३ वर्षे होते. सगळा जन्म तिने एकाच बिळात काढला!

दुसरी तऱ्हा धुऱ्यावर चादर अंथरणाऱ्यांची. दिवाळीच्या सुमारास सकाळी गवतावर दवाने भरलेल्या पांढऱ्या चादरी पसरलेल्या दिसतात. त्यांच्या एका कडेला नळीसारखे तोंड असते. त्या नळीत कोळी बसलेला असतो. एखादा किडा चादरीवर पडला, की धाव घेऊन त्याला पकडतो आणि ओढून आत नेतो.

तिसरी तऱ्हा आपल्या गोष्टीतल्या कोळ्याची. हा जाळे विणतच नाही. लांडगा जसा पळून शिकार धरतो, तसा हा पळून किडे धरतो. म्हणून शास्त्रज्ञांनी या कुळाला ‘लांडगा कोळी’ असे नाव दिले आहे. चादर विणणारा वरचा कोळीही याच कुळातला, पण हा त्याचा भाऊ बिनजाळ्याचा शिकारी. त्यातही धानाच्या बांधीत राहणारी जी जात सर्वांत महत्त्वाची मानली जाते, तिचे शास्त्रीय नाव पार्डोसा स्यूडोॲन्युलाटा. नाव जिभेवर बसायला जड आहे, म्हणून आपण त्याला धानातला लांडगा कोळी म्हणू. १९०६ साली जपानमधल्या नमुन्यांवरून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. भारतापासून जपानपर्यंत जिथे जिथे धान पिकतो, तिथे तिथे तो आढळतो. डोक्याच्या मागे पाठीवर दुबेळक्यासारखी खूण, ही त्याची ओळख.

या कुळाचे डोळे पाहण्यासारखे असतात. एकूण आठ. चार बारीक डोळे खाली एका ओळीत, त्यांच्या वर दोन मोठे, आणि डोक्याच्या मागच्या अंगाला आणखी दोन. म्हणजे पुढचे, वरचे आणि मागचे त्याला एकदमच दिसते. रात्री मुलांना घेऊन धुऱ्यावर जावे, बॅटरी आपल्या डोळ्यांच्या बरोबरीने धरून उजेड गवतावर टाकावा. दवाच्या थेंबांसारखे हिरवट ठिपके लुकलुकताना दिसतात. थेंब जागचा हलत नाही, ठिपका हलला तर तो कोळ्याचा डोळा समजावा. मात्र पायांत गमबूट आणि हातात काठी हवी, कारण रात्रीच्या धुऱ्यावर सापही फिरायला निघतात.

थैलीतला संसार

आजींनी पाहिलेल्या ‘मोत्या’ची हकीकत आता सांगतो. कोळीण आधी रेशमाची बारीक चकती विणते, तिच्यावर अंडी घालते आणि चकतीची कड शिवून थैली करते. मग ती थैली पोटाच्या टोकाला, जिथून सूत निघते तिथे चिकटवून घेते. तेव्हापासून ती पळते, शिकार करते, पाण्यावरून जाते, पण थैली सोडत नाही. एखाद्या बाईने डोक्यावरचा भारा न उतरवता दिवसभर शेतात राबावे, तसा तो प्रकार.

फ्रान्समध्ये जाँ आंरी फाब्र या नावाचे एक मोठे निरीक्षक होऊन गेले (१८२३–१९१५). शिक्षकी पेशातला हा माणूस आपल्या अंगणातले आणि माळावरचे किडे-कोळी तासन्‌तास पाहत बसे. त्यांनी एका लांडगा कोळिणीची थैली काढून घेतली आणि तिच्यापुढे बुचाच्या लाकडाची तेवढीच गोळी टाकली. कोळिणीने ती गोळीच पोटाशी लावली आणि थैली समजून घेऊन फिरू लागली. तिला अक्कल कमी असेल, पण माया कमी नाही, असेच म्हणावे लागेल.

अंडी फुटली, तरी पिल्लांना थैली आतून फाडता येत नाही. आईच शिवण उसवते. मग पिल्ले तिच्या पायांवरून चढून पाठीवर बसतात. साठ-साठ, ऐंशी-ऐंशी पिल्ले एकमेकांवर रचलेली असतात. साधारण आठवडाभर ती आईच्या पाठीवर राहतात. मग एकेक उतरून आपापल्या वाटेने जातात. पुष्कळ पिल्ले गवताच्या शेंड्यावर चढतात, शेपटी वर करून सुताचा बारीक धागा वाऱ्यावर सोडतात, आणि धाग्यासकट उडून जातात. चार्ल्स डार्विन १८३२ साली जहाजातून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून जात असताना जमिनीपासून ६० मैलांवर असे उडते कोळी त्यांच्या जहाजाच्या दोरखंडांवर येऊन उतरले होते.

या उडण्याला शेतीत फार मोल आहे. चिखलणी झाली, रोवणी झाली, नव्या बांधीत पाणी भरले, की शेजारच्या धुऱ्यावरचे आणि पडीतले कोळी चालत व उडत तिथे येऊन पोचतात. पिकावर कीड वाढण्याआधीच राखणदार हजर होतो. अट एवढीच, की शेजारी कोठेतरी तो जिवंत राहिलेला असला पाहिजे.

तुडतुडा, फवारा आणि कोळी

तपकिरी तुडतुडा धानाचा किती मोठा वैरी आहे, हे पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तो चुडाच्या बुडाशी बसून रस शोषतो. बांधीत आधी एखादा गोल चट्टा पिवळा पडतो, मग तो वाळून करपल्यासारखा होतो आणि पसरत जातो. लोंबीत दाणा भरायच्या वेळी हे घडले, तर हाती तणसच राहते. केरळात १९७३-७४ साली या तुडतुड्याने धानाचे मोठे नुकसान केले होते.

धानातला लांडगा कोळी या तुडतुड्याला खातो. खोडकिड्याचे पतंगही खातो. त्याची पिल्ले तुडतुड्याची पिल्ले खातात. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी नोंदवले आहे, की एक कोळी दिवसाला ५ ते १५ किडे मारतो. एका मादीचे आयुष्य तीन-चार महिन्यांचे, तेवढ्यात ती दोनशे ते चारशे अंडी घालते.

मग फवारा मारला तर बिघडते कोठे? बिघडते ते असे. तुडतुडी आपली अंडी देठाच्या आत, पानाच्या आवरणात घुसवून घालते. वरून मारलेले औषध त्या अंड्यांपर्यंत पोचत नाही. कोळी मात्र उघड्यावर, पाण्यावर आणि चुडांवर पळत असतो. त्याच्यावर औषध थेट पडते, आणि विषारी किडे खाऊनही तो मरतो. आठ-दहा दिवसांनी देठातली अंडी फुटतात. तुडतुड्याची नवी पिढी बाहेर येते, आणि आता तिला खाणारे कोणी शिल्लक नसते. तुडतुड्याची पिढी तीन-चार आठवड्यांत तयार होते. कोळ्याला त्याहून जास्त दिवस लागतात. शर्यतीत वैरी पुढे जातो, राखणदार मागे राहतो. मग शेतकरी दुसरा फवारा मारतो, तिसरा मारतो. पैसा जातो आणि कीड वाढते.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. पीटर केनमोर या संशोधकाने फिलिपाईन्समध्ये याचा कसून अभ्यास केला आणि १९८० साली तो प्रबंधरूपाने मांडला. फवारलेल्या शेतांत तुडतुडे न फवारलेल्या शेतांपेक्षा कित्येक पटींनी वाढले होते. कोळी आणि इतर मित्रकीटक दूर ठेवले, की औषध न मारताही तुडतुडे भराभर वाढत. म्हणजे इतके दिवस त्यांना आवरून धरणारे हेच होते.

इंडोनेशियाने यापुढचे पाऊल टाकले. तेथे तुडतुड्याने धानाची दैना केली होती आणि सरकार औषधांवर भरपूर अनुदान देत होते. १९८६ साली तेथील राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून धानावर ५७ औषधे वापरायला बंदी केली. अनुदानही टप्प्याटप्प्याने १९८९ पर्यंत बंद केले. शेतकऱ्यांचे वर्ग बांधावरच भरू लागले. त्यांत ते चूड हलवून तुडतुडे मोजत, कोळी मोजत, आणि मग फवारायचे की नाही हे आपसांत ठरवत. औषधाचा वापर घटला, पण धानाचे पीक घटले नाही.

आपल्याकडे फवाऱ्याची दुसरीही बाजू आहे, आणि ती पिकापेक्षा मोठी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घरांतली चूल कशी पेटत असेल, याचा विचार केला म्हणजे गरज नसलेला एकही फवारा मारू नये असे वाटते. पाठीवर पंप घेणारा आपल्याच घरचा माणूस असतो. कोळ्याने वाचवलेला एक फवारा म्हणजे पैसा वाचला, एवढेच नव्हे. त्या दिवशी घरातला एक माणूस विषाच्या धुरळ्यातून फिरला नाही, हेही त्यात येते.

अंगावरचे फोड कोणाचे?

कोळ्याविषयी आपल्या मनात भीतीही असते. अंगावरून कोळी गेला, की फोड येतात, असे पुष्कळ घरांतून म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटी सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर लाल रेघ उमटते, आग होते, पाण्याचे फोड येतात. दोष कोळ्यावर जातो. पुष्कळदा खरा धनी वेगळाच असतो. मुंगीसारखा लांबट, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा एक बारीक भुंगेरा रात्री दिव्यावर येतो. तो अंगावर बसला आणि आपण चिरडला, की त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो आणि दुसऱ्या दिवशी फोड येतात. म्हणून तो चिरडू नये, फुंकर घालून किंवा कागदाने उडवावा, आणि रस लागलाच तर जागा साबण-पाण्याने धुवावी. गंमत अशी, की हा भुंगेराही धानाच्या बांधीत तुडतुडे खातो!

लांडगा कोळी आपण होऊन माणसाला चावत नाही. हातात दाबला गेला तर चावतो. जागा थोडी दुखते, लाल होते. हा चावा जिवावर बेतत नाही. इटलीत टारांटो नावाच्या गावाच्या आसपास एके काळी असा समज होता, की लांडगा कोळी चावला तर माणसाने दमेपर्यंत नाचले पाहिजे, तरच विष उतरते. त्यावरून तिथे एक नाचच निघाला. पुढे कळले, की त्या कोळ्याचे विष माणसाला काही करतच नाही. आपण नाचायचेही नाही आणि झाडफूक करणाऱ्याकडेही जायचे नाही. जागा धुवावी. सूज वाढली, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

या राखणदारालाही वैरी कमी नाहीत. बेडूक, सरडे, पाखरे त्याला खातात. घराच्या भिंतीला किंवा चौकटीला मातीचे घरटे करणारी कुंभारीण माशी आपण पाहतो. ते घरटे फोडून पाहिले, तर आत बधिर केलेले कोळी खच्चून भरलेले सापडतात. ती आपल्या अळ्यांची शिदोरी असते. सृष्टीतले हे देणेघेणे चालायचेच. त्याने कोळ्यांचा वंश बुडत नाही. वंश बुडतो तो आपण एका दिवसात सगळी बांधी विषाने धुऊन काढतो तेव्हा.

घरी गेल्यावर करायच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट, फवारण्यापूर्वी मोजा. आठवड्यातून एकदा सकाळी बांधीत तिरके चालत जा, वीसेक चूड निवडा, प्रत्येक चूड हलक्या हाताने वाकवून बुडाशी पाहा. तुडतुडे किती, कोळी किती, हे वहीवर लिहा. हे काम शाळेतली मुले हौसेने करतील. तो आकडा घेऊन कृषी सहायकाला दाखवा आणि फवारणीची मर्यादा ओलांडली असेल तरच औषधाचा विचार करा. दुकानदार देईल ते औषध घेऊ नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे तुडतुड्यावर मारली, तर तुडतुडे उलट वाढल्याचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, युरिया हात राखून द्या. जास्त युरियाने पीक काळेभोर आणि लुसलुशीत दिसते, पण तुडतुड्यालाही तेच हवे असते. रोवणी दाट करू नका, आणि काही ओळींनंतर एक पट्टा मोकळा सोडा. त्यातून वारा आणि ऊन बुडापर्यंत जाते. तुडतुडे दिसू लागले, तर तीन-चार दिवस बांधीतले पाणी काढून टाकल्यानेही फरक पडतो.

तिसरी गोष्ट, धुरा जिवंत ठेवा. धुऱ्यावर तूर लावण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. तिच्या सावलीत कोळ्यांना आसरा मिळतो. धुरे साफ करायचे तर एकदम सगळे जाळू नका. अर्धे आज, अर्धे पंधरा दिवसांनी, असे कापून काढा. चीनमध्ये धानाच्या बांधीलगत कोळ्यांसाठी तणसाची लहान खोपटी उभी करतात. आपल्याकडे तणसाला तोटा नाही. कापणीच्या वेळी धुऱ्यावर चार-दोन पेंड्या मोकळ्या सोडल्या, तरी पुष्कळ कोळी त्यांत शिरून राहतात आणि पुढच्या पिकाला बियाण्यासारखे उपयोगी पडतात.

चौथी गोष्ट, मुलांना ओळख करून द्या. कोळी दिसला की चप्पल उचलायची, ही सवय घरातूनच लागते आणि घरातूनच सुटते. पाठीवर साठ-ऐंशी पिल्ले घेऊन धावणारी आई एकदा पाहिली, की मूल पुन्हा तिच्यावर पाय देणार नाही.

शिवारात आजवर किती औषधे आली आणि किती गेली. या कोळ्याला कोणी पगार देत नाही, तो अनुदान मागत नाही, आणि त्याला विकत आणावेही लागत नाही. त्याच्यासाठी एवढेच करायचे, की पंप पाठीवर घेण्याआधी पाच मिनिटे धुऱ्यावर बसून बांधीत खाली पाहायचे. तो कामावर हजर असेल, तर पंप घरी परत न्यायचा.